शेगडीला मागून भोक का असतं

विजेच्या शेगडीच्या पाठीवर, वरच्या कडेपासून चार बोटं खाली, नाण्याएवढं एक भोक असतं. कुठल्याही दुकानात जा, कुठल्याही कारखान्याची शेगडी उलटी करून बघा. माझा मुलगा लोकांना सांगतो की ते हवा खेळायला आहे, आणि सांगताना फळ्यावर बाणसुद्धा काढतो. बाण मी बघितलेत. सुरेख आहेत. पण ते भोक हवेसाठी नाही, माझ्यासाठी आहे. ही गोष्ट आजवर दोनच माणसांना ठाऊक होती. आता लिहूनच टाकते. शाळेत मी तिसरीपर्यंत होते, तेव्हा कुठे काना-मात्रा घसरली तर वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावं. नाही घेतलं तरी माझं काही अडत नाही.

आमचं घर शेगड्यांचं. माझे सासरे कोळशाच्या शेगड्या करायचे. घरोघरी वीज आली तेव्हा आमचे हे म्हणाले, "कोळसा मेला आता." कोळसा काही मेला नाही, पण यांनी मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी विजेची शेगडी करायला घेतली. पहिली केली ती काकडीएवढे लांब चार दिवे पितळेच्या चौकटीत उभे करून. उजेड असा पडायचा की शेजारी वर्तमानपत्र घेऊन वाचायला यायचे. ऊब म्हणाल, तर मांजरसुद्धा तिच्याजवळ फिरकलं नाही. दुसरी केली ती भाजलेल्या मातीच्या दांड्यावर उघडी तार गुंडाळून. ती लाल व्हायची, शोभायची, आणि तिसऱ्या दिवशी तुटायची. पुढे न जळणारी तार बाजारात आली तेव्हा कुठे धंद्याने डोळे उघडले.

तारेमागे तांब्याची ताटली लावायची, म्हणजे ऊब भिंतीकडे न जाता माणसाकडे येते, ही अक्कल माझी. घासलेली ताटली मी उन्हात वाळत टाकली होती, तिची तिरीप यांच्या तोंडावर पडली आणि हे ओरडले. हे ओरडले डोळे दिपले म्हणून. "अहो, गालाला गरम लागलं का?" असं मीच ओरडून विचारलं. जाहिरातीत तो शोध यांच्या नावावर आहे. असू दे.

पण एक काम यांनी मरेपर्यंत माझ्याकडून काढून घेतलं नाही. शेगडी तयार झाली की माझ्यापुढे यायची. मी डाव्या हाताची पालथी बाजू जाळीपासून एक वीत लांब धरायची आणि मोठ्याने आकडे मोजायची. बाराला हात मागे ओढावासा वाटला, तर शेगडी पास. आठालाच चटका बसला तर तार आखूड. वीस झाले तरी हात सुखात असला तर तार लांब, परत उलगडा. पास झालेल्या शेगडीच्या बुडाशी मी खडूने गोल काढायची. त्या गोलाशिवाय आमच्या दारातून एक शेगडी बाहेर पडली नाही. तार गुंडाळणारे आमचे जुने कारागीर, त्यांना सगळे वेटोळेमामा म्हणतात, ते कधी कुरकुरायचे, "वहिनी, कालच्यासारखीच तर गुंडाळलीय." मी म्हणायची, "मामा, काल तुमचं लक्ष होतं." मामा गुपचूप उलगडायला बसायचे. गावात लोक शेगडी मागायला यायचे ते नाव घेऊन नाही यायचे. म्हणायचे, बाईच्या हाताची द्या.

आता खरी गोष्ट.

हे गेल्यावर तिसऱ्या हिवाळ्यात मी एक शेगडी तपासत होते. आकडे मोजता मोजता मामांशी बोलत होते. तेवढ्यात केस जळल्याचा वास आला. मी म्हटलं, "मामा, कुणाचं काय जळतंय?" मामा माझ्या हाताकडे बघत राहिले. माझा हात जाळीला टेकला होता आणि मनगटावरची लव चुरचुरत होती. आधी नाकाला कळलं, मग डोळ्यांना. हाताला कळलंच नाही.

मी मामांना म्हटलं, "बघताय काय? जाळी पुढे आलीय, मागे घ्या." आणि त्यांनी घेतली.

मग घरी दार लावून मी उजवा हात लावून बघितला. तो तर पत्र्याला डाग देण्याच्या, म्हणजे झाळण्याच्या कामात केव्हाच कातड्याचा झाला होता. हजारो शेगड्यांनी माझे दोन्ही हात थोडे थोडे करून खाऊन टाकले होते, आणि मला पत्ता लागू दिला नव्हता.

दुसऱ्या बाईने सांगून टाकलं असतं. मी नाही सांगितलं. सांगून मी काय उरले असते? चहा पाठवणारी म्हातारी. मी दुसऱ्या दिवशी खुर्चीत बसले, हात पुढे केला, आणि तारेकडे बघितलं. वीस वर्षं बघत आले होते, डोळ्यांना सगळं पाठ होतं. तार पिकल्या टोमॅटोसारखी असली तर थंड आहे. गाजरासारखी झाली की बरोबर. पिवळेपणाकडे झुकली की आखूड. मी रंग बघायची, बारापर्यंत मोजायची आणि "स्स" करून हात ओढायची. ते "स्स" मी इतकं छान करायची की एकदा माझी मलाच फुंकर घालावीशी वाटली. दोन वर्षं अशी निघाली. एकही शेगडी परत आली नाही.

आणि मग आमच्या सूनबाईंना बुद्धी सुचली.

सूनबाई नाटकाचे पडदे रंगवणाऱ्याची मुलगी. माहेराहून आणलं काय, तर कुंचल्यांची एक गुंडाळी. तिला कागद-पेन्सिल दिली की तिला जेवण लागत नाही. एके दिवशी नवराबायको दोघं माझ्यापुढे एक पेटी घेऊन उभे राहिले. पत्र्याची, पण लाकडासारखी रंगवलेली. खाली जाळीत काचेचे खडे रचलेले, कोळशासारखे. खड्यांखाली लाल दिवा. दिव्यावर सुईच्या टोकावर पत्र्याचं एक चक्र. दिव्याच्या उबेने ते आपोआप फिरायचं आणि त्याच्या सावल्यांनी कोळसे धगधगल्यासारखे हलायचे. खरी तार वरच्या बाजूला, नक्षीच्या पडद्यामागे. दिसत नव्हती.

दिसत नव्हती! मग रंग बघायचा कुठे? पण तोंड माझं कधी माझ्या भीतीला विचारून चालत नाही.

"हे काय?" मी म्हटलं. "विस्तवाचं नाटक?"

"आई, लोकांना बसून बघायला काहीतरी हवं असतं," सूनबाई म्हणाली. "नुसत्या लाल तारेकडे कोण बघत बसणार?"

"ऊब बघायची असते का? ऊब घ्यायची असते. आणि ही दोन बटणं कशाला?"

"एक दिव्याचं, एक तारेचं. थंडी कमी असली तर नुसती शोभा लावता येते."

"म्हणजे थंडी नाही म्हणून शेगडी लावायची, आणि शेगडी लावून ऊब घ्यायची नाही. धन्य आहे तुमच्या माहेरची! आमच्याकडे भूक नसली तर आम्ही रिकामं ताट घेऊन बसत नाही."

मुलगा हसला. सूनबाईने पेन्सिल कानामागे खोचली आणि गप्प बसली. तिचं गप्प बसणं मला नेहमीच उद्धट वाटत आलंय.

मग चिरंजीवांनी खिशातून एक काचेची नळी काढली. उष्णता मोजायची. "आई, आता ही वापरू या. हात आज एक सांगेल, उद्या दुसरं सांगेल. वय होतं माणसाचं."

"या हातांनी तुला न्हाऊ घातलं," मी म्हटलं. "तेव्हा पाण्यात नळी बुडवून बघायला सांगितलं होतंस का?"

"तेव्हा मला बोलता येत नव्हतं."

"तेच बरं होतं."

तो विषय तिथेच थांबला, पण थांबला एवढंच. ठरलं असं की शहरातल्या सगळ्यात मोठ्या दुकानाचे खरेदीसाहेब येणार, त्यांना पेटी दाखवायची. त्यांनी घेतली तर पुढे सगळ्या शेगड्या अशाच होणार. म्हणजे तार झाकलेली. म्हणजे मी आंधळी. मग एक ना एक दिवस माझा खडूचा गोल चुकीच्या शेगडीवर पडणार, शेगडी कुणाला तरी भाजणार, आणि नळी माझ्या खुर्चीत येऊन बसणार. आठवडाभर मी त्या पेटीला नावं ठेवली. मामांना सांगितलं, शेजाऱ्यांना सांगितलं, दूधवाल्याला सांगितलं. "खोटेपणा मला खपत नाही," असं मी दिवसातून पाच वेळा म्हणत होते, आणि मधल्या वेळात "स्स" करत होते.

साहेब यायचे होते अकराला, आले साडेदहाला. बाहेर कडाक्याची थंडी. बरोबर त्यांच्या मातोश्री. त्यांच्या अंगावर तीन शाली, चेहरा असा की जगात कुठेही गेल्या तरी त्यांना वारा लागतो. आमच्या पुढच्या खोलीत एकच धांदल उडाली. सूनबाई पेटीजवळ वाकली होती तोच मुलगा ओरडला, "खुर्च्या! चहा!" आणि ती आत पळाली. पेटी धगधगत होती. कोळसे लाल, सावल्या हलताहेत. खरं सांगते, दिसायला लबाड फार गोड होती.

साहेब म्हणाले, "आपल्या हाताबद्दल ऐकून आहे. आधी आपण सांगा."

मुलाने नळी खिशातून अर्धी बाहेर काढली होती. मी त्याच्याकडे बघितलं, ती परत आत गेली. मी खुर्ची ओढली, बसले, हात पुढे केला. समोर एवढा लाल विस्तव. मला वाटलं, तार नाही दिसत, पण इतकं लाल दिसतंय म्हणजे आत गाजरच असणार. मोजायला लागले. दहा. अकरा. बारा. "स्स!" मी हात ओढला, मांडीवर चोळला आणि म्हटलं, "मनापासून आवडत नाही मला ही पेटी. पण ऊब विचाराल तर पास."

मनात म्हटलं, बघा, किती सरळ मनाची बाई, आवडत नसूनही खरं बोलते.

साहेबांनी दोन्ही तळवे पुढे धरले. "वा! कशी हळुवार ऊब आहे. अंगावर येत नाही."

"तेच तर आमचं वैशिष्ट्य," मुलगा म्हणाला.

मातोश्रींनी बूट काढले, मोजे काढले, आणि दोन्ही पाय पेटीपुढे ठेवून डोळे मिटले. "अगं बाई," त्या म्हणाल्या. "गुडघ्यातली कळ उतरली बघ. नऊ वर्षांची कळ." आणि त्यांनी एक शाल काढून लेकाच्या हातात दिली.

एवढ्यात सूनबाई चहा घेऊन आली. तिने पेटीकडे बघितलं. मग पेटीच्या मागच्या बाजूला बघितलं. मग मातोश्रींच्या पायांकडे. मग माझ्या हाताकडे, जो मी अजून चोळत होते. तिने चहा खाली ठेवला, वायर सरळ केल्यासारखी वाकली, आणि मागून बारीकसा आवाज आला. टक.

दुसरं बटण.

मी आयुष्यात पुष्कळ आवाज ऐकलेत. माझं लग्न ठरल्याचा ऐकलाय, माणूस गेल्याचा ऐकलाय. त्या "टक"ने मी खुर्चीतल्या खुर्चीत पाणी पाणी झाले. थंडगार पत्र्यापुढे मी बारा मोजले होते, आणि ते हिला कळलं होतं. सूनबाई सरळ झाली, कप उचलला आणि म्हणाली, "आई, चहा घ्या. हात पोळला असेल."

त्यात टोमणा होता का? आजपर्यंत मला ठरवता आलेलं नाही. मी असते तर टोमणा मारला असता.

पाच-सात मिनिटांनी तार तापली. साहेबांनी खुर्ची मागे घेतली. मातोश्रींनी पाय आखडते घेतले आणि कपाळाला आठी घालून म्हणाल्या, "आता जरा जास्तच होतंय. मघाचं बरं होतं."

साहेबांनी पेटी घेतली. एक नाही, तीनशे. मुलगा हरखून गेला आणि पुन्हा नळी काढून म्हणाला, "आणि यापुढे आमची प्रत्येक शेगडी या यंत्राने मोजली जाईल."

"छे, छे," साहेब म्हणाले. "नळी काय, सगळ्यांकडे असते. माझ्या आईला बसल्या जागी गुण आला, तो नळीने आला का? प्रत्येक शेगडीवर चिठ्ठी लावा. यांच्या हाताचा ठसा, आणि खाली लिहा, आईच्या हाताने पारखलेली."

माझी खुर्ची वाचली. ज्या हाताने माझी अब्रू जायची, तोच हात छापायचं ठरलं. छापखानेवाल्याने माझ्या तळव्याला शाई फासली आणि विचारलं, "बाई, शाई थंड लागत नाही ना?" मी म्हटलं, "बर्फासारखी." मला काहीच लागत नव्हतं.

सूनबाई काही बोलली नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही. मी वाट बघत होते. माणूस ओरडला तर त्याला परत ओरडता येतं. गप्प माणसाचं काय करायचं? तिसऱ्या दिवशी भाजी निवडताना ती म्हणाली, "आई, खिडकीजवळची तुमची जागा आहे ना, तिथे उजेड चांगला येतो. माझं चित्रांचं टेबल तिथे मावेल."

खिडकीजवळची जागा माझी. लग्न होऊन आले तेव्हापासून तिच्यावर डोळा होता. तिथून रस्त्यावर कोण कुणाकडे जातंय ते दिसतं. सासूबाई गेल्यावर मी ती घेतली होती, आणि त्यांच्याकडून त्या जिवंत असताना मागायची माझी छाती झाली नव्हती.

"घे," मी म्हटलं.

मुलाच्या हातातली भाजी खाली पडली. "आई, बरं वाटत नाही का तुला?"

"मला काय धाड भरलीय? तिच्या डोळ्यांना उजेड नको का? तुला बायकोची काही काळजी आहे की नाही?"

दोन दिवसांनी खिडकीत टेबल लागलं. मी भिंतीकडे तोंड करून बसू लागले आणि मनात म्हटलं, चला, तिच्या गप्प बसण्याची किंमत फिटली. आता नव्या पेट्या यायला लागतील आणि मी उघडी पडेन ती पडेनच. खिडकी गेली ती गेली.

त्या टेबलावरून सूनबाईने पहिला कागद काढला तो पेटीच्या पाठीचा. त्यात वरून चार बोटं खाली एक भोक.

मुलाने विचारलं, "हे कशाला?"

"हवेला."

"हवा तर खालून येते."

"थोडी मागूनही येऊ दे."

"अगं, पण त्या भोकातून आतली तार दिसेल. एवढी झाकली कशासाठी मग?"

"शेगडी भिंतीला पाठ करून असते. भिंतीला दिसली तर दिसू दे. तपासताना तेवढी उलटी ठेवायची."

मी कागद ओढून घेतला. खुर्चीत बसलं की ते भोक बरोबर माझ्या डोळ्यांसमोर यावं, एवढ्या उंचीवर होतं. तिने माझी खुर्ची मोजली होती. कधी मोजली कोण जाणे.

"हवा लागते," मी मुलाला म्हटलं. "विस्तवाला हवा लागतेच. तुझ्या वडिलांना एका शब्दात कळलं असतं." मग सूनबाईला म्हटलं, "भोक वाकडं काढलंयस."

"सरळ करते, आई."

वाकडं नव्हतं.

तीनशे पेट्या माझ्यापुढून पाठमोऱ्या गेल्या. हात वळसा घालून पुढच्या जाळीसमोर, डोळा भोकाला. मुलगा पाहुण्यांना सांगायचा, आईची बसायची पद्धतच वेगळी आहे, ती शेगडीचं ऐकते. पुढच्या हिवाळ्यात दुसऱ्या कारखान्यांच्या पेट्या आल्या, त्यांनाही भोक. त्याच्या पुढच्या वर्षी एकाने भोकाला पितळेचं कडं बसवलं आणि भाव वाढवला. मुलगा म्हणाला, बघा, सगळ्यांना हवेचं गणित पटलं.

आणि मग साहेबांच्या मातोश्रींची तक्रार आली. शेगडी पहिल्या दिवसासारखी लागत नाही, अंगावर येते, गुडघ्याची कळ परत आली, हाताच्या बाईंना पाठवा. मुलगा नळी घेऊन निघाला होता. मी म्हटलं, "बाई म्हटलंय त्यांनी. तू बाई आहेस का?" आणि सूनबाईला घेऊन गेले.

मातोश्री तीन शालींत बसल्या होत्या. मी म्हटलं, "जरा डोळे मिटून बसा, शेगडीला घाई खपत नाही." त्यांनी डोळे मिटले. मी पेटीमागे हात घातला आणि या वेळी मीच आवाज केला. टक. तारेचं बटण बंद. पेटी निवेपर्यंत आम्ही दोघी सासवांनी जगातल्या सगळ्या सुनांबद्दल बोलून घेतलं. माझी सून तोंड न उघडता ऐकत होती. मग मी खुर्ची ओढली, त्या थंड पत्र्यापुढे हात धरला आणि मोठ्याने मोजायला लागले. बारा. "स्स!"

मातोश्रींनी पाय पुढे केले आणि त्यांचा चेहरा उजळला. "हे बघा, हीच ती! हाताची गोष्टच वेगळी हो."

"मागच्या दुसऱ्या बटणाला कुणाला हात लावू देऊ नका," मी म्हटलं. त्यांनी ते मंत्रासारखं दोनदा म्हणून घेतलं. त्यांचे गुडघे अजून ठणठणीत आहेत.

परत येताना रस्त्यात सूनबाई माझ्या शेजारून चालत होती. मग म्हणाली, "आई, बारापर्यंत गेलात ते बरं केलंत. एवढी गार होती, मला वाटलं वीस मोजून परत कराल."

दोन वर्षं, एक खिडकी आणि एक भोक एवढं होऊन गेल्यावर तिने ते तोंडाने उच्चारलं. मी थांबले. तीही थांबली.

"हात माझा आहे," मी म्हटलं. "कितीला ओढायचा ते मी बघेन."

"हो आई," ती म्हणाली, आणि माझा हात धरून मला रस्ता ओलांडून नेलं. तिचा हात गरम होता की थंड, ते मला सांगता येणार नाही. पण तिने तोंड दुसरीकडे वळवलं होतं, आणि तिचे खांदे हसून हसून हलत होते, हे मी डोळ्यांनी बघितलं.